पशुखाद्याच्या धंद्यात मका आपला, नोकरी कुणाची?

ठाण्याकडून मुंबईला जाताना मुलुंड, भांडुप मागे पडले की विक्रोळीला गोदरेजच्या इमारती लागतात. भाजीची किंवा दुधाची गाडी घेऊन जाताना आपण त्या बघतो आणि कुलपे-कपाटे करणारी कंपनी म्हणून पुढे निघतो. याच आवारात गोदरेज अॅग्रोव्हेट या पशुखाद्य करणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. गोदरेज समूहात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या धंद्याची १९९१ मध्ये वेगळी कंपनी झाली, २०१७ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. बांगलादेशात तिथल्या एसीआय कंपनीशी तिची भागीदारी आहे. नाशिकला तिचे संशोधन केंद्र आहे.

हे आज सांगायचे कारण असे की, गावात बैठकीला गेलो की हमखास एक प्रश्न येतो. पोरगा बी.एस्सी. झाला, कृषी पदविका झाला, आता काय? उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेले असते : पोलीस भरती, तलाठी भरती. ज्या धंद्याला आपण दरवर्षी मका, सोयाबीन, सरकी विकतो, त्याच धंद्यात या पोरांना जागा आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आणि त्या जागेसाठी जे शिकावे लागते, तेच शिकले तर मक्याचा भावही नीट पदरात पडतो. कसा, ते सांगतो.

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची मक्याची गाडी एका खाद्य कारखान्याच्या दारात अडली. ओलावा १८ टक्के निघाला, कारखान्याला १४ हवा होता. शंभर क्विंटलला दहा क्विंटल कडता लावला. शेतकरी बिचारा गप्प बसला, कारण यंत्र त्यांचे आणि आकडा त्यांचा. आता हिशेब बघा. १८ टक्के ओलाव्याच्या शंभर क्विंटल मक्यात कोरडा माल ८२ क्विंटल. तोच मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन भरेल ८२ भागिले ०.८६, म्हणजे सुमारे ९५ क्विंटल ३५ किलो. खरी घट पाच क्विंटलसुद्धा नाही. वाळवण्याचा खर्च आणि बुरशीची जोखीम कारखाना धरणार, ते मान्य. पण दहा कशाचे, हे विचारायला हिशेब यावा लागतो. कारखान्याच्या दारात तो करणारा माणूस साधा बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला होता.

खाद्य कारखाना मका विकत घेत नाही. तो ऊर्जा, प्रथिने, फॉस्फरस विकत घेतो. पोषणतज्ज्ञ संगणकाला सांगतो की कोंबडीला इतकी ऊर्जा हवी, गायीला इतकी प्रथिने हवीत. आज बाजारात अमक्या मालाचा हा भाव आहे, सगळ्यात स्वस्त मिश्रण काढ. भाव बदलला की मिश्रण बदलते. पोत्यावरचे नाव तेच राहते.

आपल्या सोयाबीनचे काय झाले ते यातून कळते. २०२१ च्या उन्हाळ्यात काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले. कुक्कुटपालकांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. ती आणायचे एक बंदर आपलेच, न्हावा शेवा. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली, कारखानदार मक्याकडे वळले, मका तेजीत गेला. मक्याचा निर्यातदार असलेला आपला देश २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनकडून मका घेऊ लागला. आता गंमत बघा. इथेनॉल काढून झाले की मक्याचा चोथा उरतो, धंद्यात त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिने २६ ते ३० टक्के. सोयापेंडीत ती ४५ च्या पुढे असतात, पण चोथा स्वस्त. संगणकाने सोयापेंड कमी केली. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आपण त्याच्या खाली विकले. खाद्यतेलाची आयात हेही कारण होतेच, पण हा चोथा गावच्या चर्चेत कुणी घेतला नाही.

या चोथ्यात एक धोका आहे. मक्यातला स्टार्च निघून गेला की बाकीचे सगळे जवळजवळ तिप्पट दाट होते, बुरशीचे विषसुद्धा. मूळ मका बुरशी धरलेला असेल तर अफलाटॉक्सिन पोत्यात, पोत्यातून गायीत आणि गायीतून आपल्या पोरांच्या दुधात. भारतीय मानकात पशुखाद्यासाठी त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. ते मोजणारा माणूस प्रयोगशाळेत बसतो.

युरियाचेही तसेच. प्रथिने मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे किलोभर युरिया टाकला की कागदावर २ किलो ८७५ ग्रॅम प्रथिने दिसतात! पोत्यावर ‘प्रथिने २० टक्के’ छापलेले असले तरी ती पेंडीची की युरियाची, हे वेगळ्या चाचणीशिवाय कळत नाही. म्हणून दूध संस्थांच्या सचिवांनी खाद्य घेताना नुसता छापील तक्ता पाहू नये, युरियाचा तपासणी अहवाल मागावा.

परदेशात तर या धंद्याची दिशा पर्यावरणाने ठरवली. मक्या-सोयाबीनमधला बराच फॉस्फरस कोंबडी-डुकरांना पचत नाही, विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी नासवतो. नेदरलँड्समध्ये १९९१ मध्ये फायटेज नावाचे विकर खाद्यासाठी बाजारात आले, ते हा फॉस्फरस मोकळा करते. गायीला त्याची गरज नाही, तिच्या कोठीपोटातले जिवाणू ते काम फुकट करतात.

शिक्षणाचे म्हणाल तर पशुवैद्यक पदवी साडेपाच वर्षांची, प्रवेश नीटमधून. मुंबईच्या महाविद्यालयाचे परळ आणि गोरेगाव असे दोन आवार आहेत. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूरलाही सोय आहे. त्यापुढे पशुपोषणात पदव्युत्तर पदवी घेतली की पोषणतज्ज्ञाची वाट मोकळी होते. मत्स्यखाद्याची आवड असेल तर अंधेरीला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची. रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरला बी.एफ.एस्सी. करून स्पर्धा परीक्षेतून तिथे जाता येते. एवढे ज्याला झेपणार नाही त्याने नाउमेद होऊ नये. कांडी खाद्याच्या कारखान्याला बॉयलर लागतो, फिटर लागतो, नमुने काढणारा लागतो, गोठ्यांवर फिरणारा लागतो. या शेवटच्या कामात शेतकऱ्याच्या पोराला शहरातला पोरगा हरवू शकत नाही, मात्र त्यालाही मघाचा कडत्याचा हिशेब तोंडपाठ हवा.

मका निघायच्या आत शेतकरी गटांनी, दूध संस्थांनी मिळून एक ओलावा मापक घ्यावा, असे मी दोन बैठकांत सांगितले. एकाच गटाने मनावर घेतले. बाकीच्यांसाठी आमच्या कार्यालयात एक यंत्र आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मी तिथेच असतो. गाडी भरण्याआधी अर्धा किलो मका घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणा, कापडी पिशवीत नको, वाटेत ओलावा उडतो. बी.एस्सी. झालेला पोरगा घरी असेल तर त्यालाच पाठवा.