शॉर्टकट, बॉस आणि पाणी

वेस्टर्न म्हटलं की आपल्याला काय आठवतं? क्लिंट ईस्टवूड, तोंडात सिगार, धाडधाड गोळ्या. झालंच तर आपला ‘शोले’. या वीकेंडला यातलं काहीच नसलेला वेस्टर्न बघा. केली रायकार्टचा ‘मीक्स कटऑफ’ (२०१०).

साल १८४५. ऑरेगनच्या उजाड माळावर तीन कुटुंबं, तीन गाड्या, थकलेले बैल आणि स्टीफन मीक नावाचा वाटाड्या. ‘जवळची वाट माहितीये’ म्हणून यानेच मुख्य रस्ता सोडायला लावलाय. आता पाणी संपत आलंय, तरी चुकलो म्हणून कबूल करायला गडी तयार नाही. वर शौर्यकथा सुरूच! (असा बॉस तुमच्याकडेही असेल. नावं नकोत.)

मीक खराखुरा होऊन गेला. त्याच्यामागे तेव्हा सुमारे २०० गाड्या आणि हजारभर माणसं गेली होती. सिनेमाचं बजेट साधारण वीस लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चिल्लर. पण तीनच गाड्या असल्यामुळे प्रत्येक घोट मोजला जातो. पुरुषमंडळी लांब उभी राहून निर्णय घेतात, आणि बायकांसोबत आपल्यालाही नुसती पुटपुट ऐकू येते. जाम राग येतो!

मग कायूस जमातीचा एकजण यांच्या हाती लागतो. मुलूख खरं तर त्याच्या लोकांचा, पण बांधला जातो तोच. मीक म्हणतो, मारून टाका. बाकीच्यांना वाटतं, पाणी दाखवेल. तो बोलतो त्याला सबटायटल्सच नाहीत. म्हणजे तो पाण्याकडे नेतोय की आपल्या माणसांच्या तावडीत, हे आपल्यालाही कळत नाही.

एमिली (मिशेल विल्यम्स, केवळ कमाल!) त्याचं फाटकं पायताण शिवून देते. माया वगैरे काही नाही हं. त्याच्यावर उपकार राहावा, एवढाच हिशोब. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा ती बार काढते, मग दुसऱ्यासाठी बंदूक भरत बसते. दारू ओत, गोळी घाल, ठोक. कॅमेरा हलत नाही. त्या वेळात माझा चहा गार झाला.

सिनेमा संथ आहे, आधीच सांगते. १०४ मिनिटांत नवरा दोनदा पेंगला. शेवटाला मात्र टक्क जागा होता, आणि तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे. तो म्हणतो, त्या माणसाने सगळ्यांना फसवलं. मी एमिलीच्या बाजूने आहे.