मशेरीचा तवा

बँकेच्या नोकरीत माणसे फार जवळून भेटतात. कर्ज मागायला आलेला माणूस टेबलावर वाकून जवळजवळ कानाशी बोलतो, कारण गरज मोठ्याने सांगायची नसते. अशा वेळी त्याच्या तोंडाला वास येत असेल, तर साहेब खुर्ची किंचित मागे घेतो. मीही घेतली आहे. समोरच्याला वाटते, आपले प्रकरण साहेबाच्या मनात भरले नाही. खरे कारण त्याला कुणीच सांगत नाही. नवऱ्याला बायको सांगत नाही, तिथे बँक काय सांगणार!

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याला म्हशीच्या कर्जाची पाहणी करायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. घरात चुलीवरच्या तव्यात मशेरी भाजली जात होती. तो ठसका ज्याने सोसला आहे त्याला वर्णन नको. ओटीवर आजी आठ-नऊ वर्षांच्या नातीच्या हिरड्यांना मशेरी चोळत होत्या. माझी नजर पाहून म्हणाल्या, "दाढ दुखते सायेब पोरीची. मशेरीनं दात पक्कं होतात, तोंडाला वास बी येत नाय." मी म्हैस पाहिली, कागदावर सह्या घेतल्या आणि निघालो. परक्याच्या घरात बोलू नये, हा आपला शिष्टाचार. ते गप्प बसणे आज मला सलते.

मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. त्याने वास जात नाही, एका वासावर दुसरा चढतो, इतकेच. हिरड्या दातांपासून सुटू लागतात, तिथे घाण साठते आणि दुर्गंधी वाढते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तो वेगळाच. मग बायका सोडत का नाहीत? लावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकणाऱ्या बाईची भूक तिने मरते, तरतरी येते. पुढे तर मशेरीवाचून सकाळी पोटही साफ होत नाही. हे दात घासणे नव्हे, व्यसन आहे, पण दातवणाच्या नावाखाली ते घरात उजळ माथ्याने वावरते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा कसा पोचावा?

शहरातल्यांनीही फार हसू नये. तोंडाला वास आला की आपण पोटाला दोष देऊन चूर्ण घेतो. बहुतेक वेळा दोषी तोंडच असते. जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटींत अडकलेले अन्न हवेवाचून जगणारे जंतू कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू निघतात. झोपेत लाळ आटते, म्हणून सकाळी वास अधिक. उपाय साधा आहे. दोन वेळा, दोन-दोन मिनिटे, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. त्यातही रात्रीचे घासणे चुकवू नये. नेमके तेच आपल्याकडे नव्हते. जेवल्यावर खळखळून चूळ भरणे आणि जीभ खरवडणे या आजोबांच्या सवयी मात्र अचूक होत्या. त्यांची राखुंडी आणि विटेची पूड विसरावी, त्यांनी दात झिजतात. कवळी रात्री काढून धुवावी. बडीशेप-लवंग ही तासाभराची सोय. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्य गाठावा. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर एक दिवसही दवडू नये.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. पण आजीबाई तो फिरवणार नाहीत. त्यांच्याशी ओटीवर बसून बोलायला गावची आशाताई हवी, आणि दुखरी दाढ दाखवायला नेणारा मुलगा हवा. निदान नातीच्या तोंडात ते बोट जाऊ नये, एवढे तर कुणीही म्हणू शकतो. मलाही म्हणता आले असते.

आमच्या घरी हे काम माझ्या नातीने आपणहून घेतले आहे. परवा पाहुण्यांसमोर तिने विचारले, "आजोबा, आज जीभ घासली नाही ना?" मी उठून आत गेलो आणि घासून आलो.