'पुट ऑफ'चा अर्थ यादीत सापडत नाही

'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर किंवा बंद, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तरी 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' या वाक्यापाशी ती अडतात, कारण बैठक पुढे ढकलली हा अर्थ त्या दोन शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. क्रियापद आणि त्याच्या जोडीचा छोटा शब्द मिळून असा वेगळाच अर्थ देऊ लागले की त्या जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात.

एक अर्थ पाठ करूनही भागत नाही. 'द स्मेल पुट मी ऑफ' या वाक्यात काहीच पुढे ढकललेले नाही. त्या वासाने बोलणाऱ्याचे मन उडाले आहे. इथे कर्माकडे पाहावे. ते काम किंवा कार्यक्रम असेल तर बहुधा लांबणीवर टाकणे, माणूस असेल तर बहुधा नकोसे वाटणे.

शब्दक्रमाचीही एक मेख आहे. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात. बैठकीच्या जागी 'इट' आले, की मात्र ते मधेच बसते: 'पुट इट ऑफ'. सहन करणे या अर्थाचे 'पुट अप विथ' मात्र असे फोडता येत नाही.

1066च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि पुढे लॅटिन शब्दांची मोठी भर पडली. 'पोस्टपोन', 'टॉलरेट' हे लॅटिन वळणाचे शब्द लेखनात रुळले; रोजच्या बोलण्यात जुन्या, छोट्या क्रियापदांच्या जोड्या टिकल्या. परकीयांना या जोड्या फार अवघड जातात, हे सॅम्युएल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते.

मराठी मुलांना ही रीत अगदीच परकी नाही. 'सांगून टाकले' यात कोणी काही टाकत नाही आणि 'बोलून बसला' यात कोणी बसत नाही, हे त्यांना न शिकवता कळते, कारण ती वाक्ये त्यांनी प्रसंगासकट ऐकलेली असतात.

महाराष्ट्रात 2000पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही अनेक वर्गांत फ्रेजल व्हर्बची यादी फळ्यावर येते, समोर एकेक मराठी अर्थ लिहिला जातो आणि परीक्षेत तोच विचारला जातो. ही पद्धत सोडायला हवी. पुस्तकी इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली मुले साध्या संभाषणात गोंधळतात, त्याचे एक कारण इथे आहे. एका तासाला वीस जोड्यांऐवजी एकटे 'पुट ऑफ' घ्यावे; परीक्षा, सहल, दंतवैद्याची भेट, उग्र वास अशा प्रसंगांवर मुलांनीच वाक्ये रचून मोठ्याने म्हणावीत आणि 'इट' कुठे बसते हे त्यांच्याच वाक्यांत दाखवावे.