फुंकर, पट्टी आणि पंख

विमान हवेत कसे टिकते, याचे ठरलेले उत्तर वर्गावर्गांत फळ्यावर लिहिले जाते. पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा पल्ला. खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेत गाठायचे म्हणून वरची हवा वेगाने धावते. वेग वाढला की दाब घटतो आणि पंख उचलला जातो. गोष्ट सुटसुटीत आहे, पण तिचा मधला दुवा खोटा आहे. दुभंगलेल्या हवेने मागे एकाच वेळी भेटावे असा निसर्गात नियम नाही. वायुबोगद्यात धूर सोडला तर वरची हवा खालच्या हवेची वाट न पाहता आधीच पुढे गेलेली दिसते. सारी करामत फुगीरपणाचीच असती, तर हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ कसरत पथकाची विमाने उलटी उडू शकली नसती. पतंगाला तर जाडीच नाही!

दोष बर्नुलीचा नाही. वेग आणि दाब यांचे त्याने १७३८ साली मांडलेले नाते आजही खरे आहे. आपण ते नको तिथे लावतो. ओठांखाली कागदाची पट्टी धरून वरून फुंकर मारली की ती उचलली जाते, हा प्रयोग एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकातही होता. आता तीच पट्टी सरळ लोंबती धरून एका बाजूने, तिला समांतर, फुंकर मारा. ती जवळपास जागची हलत नाही. फुंकर तितकीच वेगवान, मग दाब कुठे घटला? पहिल्या वेळी फुंकर वाकलेल्या कागदाला धरून वळली होती, आणि हवा वळते तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असतो. पंखही हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलला जातो.

बारा वर्षांच्या मुलांना इतके खोलात कशाला, असे शिक्षक विचारतील. पण सोपे करणे म्हणजे काही गाळणे, खोटे कारण देणे नव्हे; आणि इथे खरे कारणच सोपे आहे. टेबलफॅनसमोर पुठ्ठा किंचित तिरका धरला की हाताला वरचा रेटा कळतो, जास्त तिरका केला की मागे ढकलणारा गतिरोधही. उरतो तो दाबाचा अंदाज. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलोचा भार देते. तो सगळीकडून सारखा असल्याने जाणवत नाही. ७८ टनांच्या एअरबस ए३२०च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. भागाकार मुलांनाच करू द्यावा: दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ६४ ग्रॅम. पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबात एवढाच फरक पुरतो.

राहिली परीक्षा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला पुस्तकातलेच वाक्य हवे असते, ही तक्रार खोटी नाही. मग प्रश्नच बदलावा. लोंबत्या पट्टीचे चित्र द्यावे, फुंकरीचा बाण काढावा आणि पट्टीचे काय होईल ते कारणासह विचारावे.