बेडरूमचा 'सेट' आणि घरातला जुना पलंग

आम्ही कापडाचे व्यापारी. सागवान कोणते आणि शिसवी कोणती, हे सांगणे मिस्त्रीचे काम, आमचे नव्हे. तरीही या वेळी आम्ही फर्निचरवर लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला आणि त्यात व्यापारी म्हणून आमचाही थोडा कसूर निघाला.

आमच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले. भाईंदर पश्चिमेला आमचा फ्लॅट आहे. त्यातली मुलाला द्यायची खोली १० फूट बाय ९ फूट. त्या खोलीत आमच्या अम्मीचा सागवानी पलंग होता. खरादावर उतरवलेले पाय, मच्छरदाणीचे चार दांडे, उशाकडे वेताची जाळी. मदनपुऱ्याच्या चाळीतून तो आमच्याबरोबर इथे आला. एका पायाला चीर गेली होती आणि जाळी फाटली होती. घरात सर्वांचे एकच मत पडले की हा काढा आणि 'सेट' आणा.

सेट म्हणजे पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल आणि दोन बाजूची टेबले, सर्व एकाच रंगाचे, एकाच नमुन्याचे. आम्ही दुकाने फिरलो. सेटमधला पलंग ६ फूट रुंद. ९ फुटांच्या भिंतीला तो लावला आणि दोन टेबले ठेवली की भिंत संपली. मग कपाटाचा दरवाजा उघडायचा कुठे? यावर दुकानदाराचे उत्तर असे की कपाट लहान घ्या. पण लहान कपाट त्या सेटमध्ये नव्हते!

वाचक बंधूंनो, सेट ही घराची गरज नाही, ती विकणाऱ्याची सोय आहे, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः विकणारे आहोत, म्हणून बोलतो. एका गिऱ्हाइकाला पाच वस्तू एका दमात जातात, हिशेब सोपा होतो. पुढे दोन वर्षांनी त्यातले एक टेबल मोडले तर तो नमुना बाजारातून गेलेला असतो आणि उरलेल्या चार वस्तू अनाथ होतात. शिवाय हा सेट आपल्याकडे बहुतेक वेळा जहेजच्या यादीतून येतो. मुलीचा बाप हप्ते फेडत राहतो आणि मुलाच्या घरातला चांगला पलंग भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. आम्ही व्याह्यांना मंगनीच्या दिवशीच सांगून टाकले की फर्निचर नको, घरात आहे. हे आधी सांगितले तरच उपयोग. सामान दारात आल्यावर नको म्हटले की त्यात अपमान दिसतो.

आता निरनिराळ्या घराण्यांच्या वस्तू एका खोलीत शोभतात का, हा सवाल उरतो. मुंबईत तर तसे पूर्वीपासून चालत आले आहे. १९व्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचे कोरीव फर्निचर बनत असे. त्याचा आकार विलायती आणि नक्षी इथल्या कारागिराच्या हातची. पुढे १९२३ साली गोदरेजचे स्टीलचे कपाट आले आणि ते लाकडी पलंगाशेजारी असे जाऊन बसले की आजही कोणाला खटकत नाही. गुजराती घरांत लाखकाम केलेला संखेड्याचा झुला त्याच खोलीत असतो. खटकतो तो नकली माल. जुन्या सागवानाशेजारी सागवानाच्या छापाचा सनमायका लावला की अस्सल आणि नक्कल दोन्ही उघडी पडतात. त्यापेक्षा नवे कपाट सरळ एकरंगी, फिक्या रंगाचे करावे. त्याला लाकूड असल्याचे सोंग आणू देऊ नये.

आम्ही केले ते असे. पलंगाला खोलीत मोठेपण दिले, बाकीच्या वस्तूंना नाही. मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "शेठ, हा तोडू या, लाकूड कपाटाला कामी येईल." आम्ही नाही म्हटले. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून जुन्या सागवानाचा एक तुकडा आणला, खरादीने त्यातून जोडीचा पाय उतरवला. वेत विणणारा शोधायला मात्र तीन आठवडे लागले. हा हुन्नर आपल्या लोकांच्या हातातून किती वेगाने चालला आहे, ते तेव्हा कळले. मग चपड्याचे पॉलिश झाले. अम्मीचे स्टीलचे कपाट घासून पावडर कोटिंग करून घेतले; भाईंदर तर स्टीलच्या कामाचेच गाव. आणि सर्व मिळून खर्च सेटच्या किमतीच्या पाव हिश्श्यात बसला.

खरी अडचण उंचीची आली. जुना पलंग मुळात उंच. त्यावर ८ इंची फोम टाकला असता तर बसणाऱ्याचे पाय लोंबकळले असते. शिवाय पलंगाची रुंदी साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच. दुकानातल्या तयार गाद्या ४८, ६० आणि ७२ इंचांच्या. शेवटी पिंजाऱ्याला घरी बोलावले. त्यांनी माप घेऊन ४ इंची कापसाची गादी भरून दिली. बाजूचे नवे टेबल गादीच्या वरच्या पातळीबरोबर केले. एवढे जमले की जुने आणि नवे एकमेकांशी भांडत नाहीत.

एक गोष्ट मिस्त्री बंधूंना सांगावीशी वाटते. भाईंदरला खाडी जवळ, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. पार्टिकल बोर्डाचे कपाट खालच्या कडेने फुगते. प्लायमध्ये साधा एमआर माल आणि पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी माल वेगळा, त्यांचे मानक क्रमांक अनुक्रमे ३०३ आणि ७१०. कोणता शिक्का आहे तो गिऱ्हाइकाला आधी दाखवावा आणि दाम त्याप्रमाणे घ्यावा. दुरुस्तीचे दामही लाजून मागू नये. जुना पाय जोडणे हे नवा खोका ठोकण्यापेक्षा जास्त कसबाचे काम आहे.

आरशाबाबत मात्र आमची हार झाली. आम्हाला जुना कोरीव चौकटीचा आरसा ठेवायचा होता. सूनबाई म्हणाल्या, "अब्बा, त्यात अर्धेच माणूस दिसते." सरळ बिनचौकटीचा लांब आरसा भिंतीला लागला, आणि बरा दिसतो. त्याच्यामुळे खोली मोठी वाटते.

राहिला आमचा कसूर. पलंग तयार झाला तेव्हा आम्ही मोठ्या तोऱ्यात दुकानातून चादर आणली. डबलची चादर ९० बाय १०० इंचांची. खाली चांगले उतरवलेले पाय, आणि तिच्या झालरीने ते सगळे झाकून टाकले. सिंगलची चादर आणली तर ती गादीखाली खोचायला पुरेना. म्हणजे आम्हीही आजवर दोनच मापांत गिऱ्हाइकाला बांधून ठेवले होते. सोलापुरी चादर पायथ्याशी घडी घालून ठेवली, तिच्यातला मरून रंग पडद्याला घेतला. पण अंथरायची चादर शेवटी थानातून कापून शिवून घ्यावी लागली. आता जुन्या पलंगाचे माप घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही थानातून कापून देतो. शिलाई शेजारच्या शिंप्याकडे जाते, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक त्यालाच देते.