घर ‘स्मार्ट’ झाले, पण घरधनी कोण?

विजेची मोटर कारखान्यात प्रथम आली, तेव्हा ती एकच असे आणि अवाढव्य असे. तिच्यावर फिरणाऱ्या लांबलचक दांड्याला पट्टे जोडून कारखान्यातील सारी यंत्रे चालविली जात. आज एखाद्या मध्यमवर्गीय घरात पंखा, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप अशा किती मोटारी फिरत असतात, हे विचारले तर घरातील कोणालाही चटकन सांगता येणार नाही. मोटर वस्तूंच्या पोटात शिरली आणि दिसेनाशी झाली. संगणकाचेही असेच व्हावे, असे स्वप्न काही संशोधकांनी चार दशकांपूर्वी पाहिले होते. ते आता मोठ्या प्रमाणावर खरे झाले आहे. मात्र ज्या स्वरूपात ते खरे झाले, त्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील मार्क वायझर या शास्त्रज्ञाने १९८८ च्या सुमारास ‘युबिक्विटस कॉम्प्युटिंग’, म्हणजेच सर्वव्यापी संगणन, ही संज्ञा रूढ केली. सप्टेंबर १९९१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. माणसाने संगणकापुढे जाऊन बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. संगणकानेच माणसाच्या नित्याच्या वावरात विरघळून जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांच्या केंद्रात तळहाताएवढी, वहीएवढी आणि फळ्याएवढी अशा तीन आकारांची उपकरणे तयार करण्यात आली. वायझर १९९९ मध्ये वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी निवर्तले. खिशातील स्मार्टफोन, मनगटावरील घड्याळ आणि बोललेले ऐकून दिवा लावणारे घर पाहावयास ते राहिले नाहीत.

आज हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग अनिवार्य झाला आणि काचेवरील एका पट्टीने गाडीची ओळख पटू लागली. २०१४ मध्ये अमेरिकेत आलेला अॅमेझॉनचा ‘एको’ २०१७ मध्ये भारतात पोहोचला आणि पुढे हिंदीही बोलू लागला. दारावरची घंटा आता चित्रण करते. दूरचित्रवाणी संच इंटरनेटशी जोडलेला असतो. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद वहीऐवजी फोनमध्ये होते.

या बदलाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मुले परदेशी आणि वृद्ध आई-वडील गावी, ही स्थिती आज असंख्य मराठी कुटुंबांची आहे. आई पडली तर तत्काळ कळविणारे घड्याळ अशा घरांसाठी मोठा आधार ठरते. मधुमेही रुग्णाच्या दंडावरील छोटा संवेदक दिवसभर साखर मोजत राहतो आणि वारंवार बोट टोचून घेण्याचा त्रास कमी करतो. नाशिकच्या द्राक्षबागेत जमिनीतील ओलावा सांगणारे उपकरण पाणीही वाचवते आणि औषधफवारणीचा खर्चही. तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवून कोणताही समाज मोठा होत नाही. प्रश्न इतकाच, की घरात आलेले हे अदृश्य यंत्र नेमके कोणाची चाकरी करते?

बिल्ला आणि मालक

या प्रश्नाचे मूळ समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिजचा एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. तेथील ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९९० च्या आसपास कर्मचाऱ्यांना एक बिल्ला देण्यात आला. तो साधारणतः दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांचा एक संकेत सोडत असे. खोल्यांमध्ये बसविलेले ग्राहक तो टिपत आणि कोण कोणत्या खोलीत आहे, हे संगणकाला कळे. दूरध्वनी आला की स्वागतिका तो नेमका त्या खोलीत जोडून देई. सोय उत्तम होती. परंतु वरिष्ठांना आपल्या प्रत्येक हालचालीचा हिशेब मिळणार काय, हा प्रश्नही त्याच वेळी उपस्थित झाला.

त्या प्रयोगात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. बिल्ला छातीवर दिसत होता. तो काढून मेजावर ठेवता येत होता. माहिती कोणत्या यंत्रात साठते आणि ते यंत्र कोणाचे आहे, हे सर्वांना ठाऊक होते. आजच्या ‘स्मार्ट’ घरात या तिन्ही गोष्टी बहुधा आढळत नाहीत. उपकरण भिंतीत किंवा छतात दडलेले असते, ते बंद केले तर विकत घेतलेली सोयही बंद पडते आणि माहिती हजारो मैलांवरील सर्व्हरवर जाऊन पडते. यंत्र अदृश्य व्हावे, हे वायझर यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात यंत्राबरोबर त्याचा खरा मालकही अदृश्य झाला. खासगीपणाचा धोका वायझर यांनी १९९१ च्या त्या लेखातच ओळखला होता. प्रत्येक खोलीतील शेकडो संगणक परस्परांना जोडले गेले, तर हुकूमशाहीच्या हाती अभूतपूर्व साधन येईल, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. बाजाराने त्यांचे स्वप्न उचलले आणि इशारा बाजूला ठेवला.

वाड्यातील शेजार आणि आजची पाळत

‘आम्हाला लपविण्यासारखे आहेच काय?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. खासगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना आहे, आपल्याकडे वाड्यात आणि चाळीत दारे दिवसभर उघडीच असत, असेही सांगितले जाते. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो. पण तो अर्धाच खरा आहे.

चाळीत कोणाच्या घरी भांडण झाले, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा मुलगा नापास झाला, हे साऱ्या मजल्याला कळत असे. परंतु हे कळणे दुहेरी होते. जो आपले घर जाणत असे, त्याचे घरही आपल्याला ठाऊक असे. जाणणारा माणूस अडीअडचणीला धावून येत असे, कारण त्या जाणण्याबरोबर शेजारधर्माचे बंधन येत असे. त्याने चहाडी केली तर त्याला जाब विचारता येत असे. कालांतराने माणसे विसरतही असत आणि त्या विसरण्यावरच पुष्कळशी नाती टिकून राहत.

आजच्या यंत्राचे जाणणे एकतर्फी आहे. ते घराविषयी सारे जाणते. घराला त्याच्या धन्याविषयी काहीही माहिती नसते. ते जाब देत नाही आणि काही विसरतही नाही. साठविलेल्या माहितीवर त्याचा धनी व्यापार करतो. अशा व्यवस्थेला वाड्याची उपमा देणे हा वाड्यावर अन्याय आहे. त्या उघड्या दारांनाही उंबरठा होता, आणि परक्या माणसाने तो कोठवर ओलांडावा याचे अलिखित नियम सर्वांना ठाऊक होते.

घडलेले दाखले

ही भीती काल्पनिक नाही, हे दर्शविणारी उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. मालकांच्या संमतीवाचून सुमारे १ कोटी १० लाख दूरचित्रवाणी संचांवर काय पाहिले जाते याची सेकंदागणिक नोंद घेतल्याच्या प्रकरणात अमेरिकेतील ‘व्हिझिओ’ कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच महिन्यात जर्मनीच्या नियामकाने ‘केला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर, ती छुपे हेरगिरीचे साधन ठरते म्हणून, बंदी घातली आणि पालकांना ती निकामी करावयास सांगितले.

मे २०२३ मध्ये अॅमेझॉनवर अमेरिकी शासनाने ठेवलेले आरोप अधिक गंभीर होते. मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे अनिश्चित काळ जपून ठेवली आणि ती पुसून टाकण्याची पालकांची विनंती पूर्णपणे पाळली नाही, असा ठपका होता. कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला. तिच्याच मालकीच्या ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीने आणखी ५८ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. ग्राहकांच्या घरातील खासगी चित्रण कर्मचाऱ्यांना पाहता येत होते, अशी त्या प्रकरणातील तक्रार होती. घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेराच घर उघडे पाडत असेल, तर ते रक्षण कसले?

व्यक्तीच्या पलीकडे राष्ट्राच्या सुरक्षेशीही हा विषय निगडित आहे. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या अॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर जानेवारी २०१८ मध्ये सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या आणि लष्करी तळांचे ठावठिकाणे उघड झाले. त्यापूर्वी ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य घरगुती कॅमेरे आणि मुद्रक संच ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने ताब्यात घेतले. त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ‘मिराई’ लिहिल्याचे पुढे मान्य केले, ते महाविद्यालयीन वयाच्या तीन अमेरिकी तरुणांनी. भारत सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीचे नियम २०२४ मध्ये काढले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू केले. हे पाऊल योग्यच होते. पण आधीच बसविलेल्या जुन्या कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने स्वतःला विचारला पाहिजे.

मीटरला काय कळते?

ज्या यंत्राला कोणी ‘पाळत’ म्हणणार नाही, असे विजेचे स्मार्ट मीटर या संदर्भात सर्वाधिक बोलके आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये या मीटरवरून मोठी चर्चा झाली आणि सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे शासनाने जाहीर केले. त्या चर्चेचा भर बिलाच्या रकमेवर होता आणि ते स्वाभाविक होते. मात्र मीटरला घराविषयी काय कळते, हा प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते, की घरातील वेगवेगळी उपकरणे ओळखावयास प्रत्येकाला स्वतंत्र संवेदक लावावा लागत नाही. प्रत्येक उपकरण सुरू किंवा बंद होताना वीजवापरात विशिष्ट चढउतार होतो. तो बारकाईने वाचला, तर एका मीटरवरून फ्रिज, गिझर, पंप ओळखता येतात. माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात, घर केव्हा रिकामे असते, याचाही अंदाज बांधता येतो. हार्ट यांनी १९८९ मध्ये या शोधातून संभवणाऱ्या पाळतीविषयी स्वतंत्र लेख लिहून सावधही केले होते. दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज लागते हे कळणे वीज मंडळास आवश्यक आहे, आणि त्यामुळे ग्राहकाला सवलतही देता येते. म्हणूनच गरजेपुरती नोंद आणि गरजेपलीकडची नोंद यांतील सीमारेषा आखणे अगत्याचे आहे.

कायदा आणि कुटुंब

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानणारी तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. अर्थात, घरात कायदा जेथे थांबतो, तेथून कुटुंबाची जबाबदारी सुरू होते.

स्वयंपाकघरात कॅमेरा लावला, तर कामाला येणाऱ्या ताईंना ते आधी सांगितले जाते काय? आजोबांच्या खोलीत उपकरण बसविण्यापूर्वी त्यांना विचारले जाते काय? बोलक्या खेळण्याजवळ मूल जे मनातले सांगते, ते कोठे साठते, हे आई-वडिलांना ठाऊक असते काय? घरातील ज्यांना ‘नको’ म्हणता येत नाही, त्यांच्यावरच ही यंत्रे सर्वाधिक लक्ष ठेवतात. विकत घेणाऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्याची प्रतिष्ठा खर्ची पडू नये, हा आपल्या घरांचा संस्कार आहे. तो यंत्राच्या बाबतीतही पाळला गेला पाहिजे.

यासाठी मोठ्या आंदोलनाची आवश्यकता नाही. खरेदीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत प्रत्येक जागरूक कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना हे उपकरण आपले मूळ काम करते काय? ते ऐकत वा पाहत आहे, हे समोरच्या माणसाला दिसते काय? नोंदी कोठे जातात आणि किती दिवसांनी पुसल्या जातात? ते पूर्णपणे बंद करण्याची कळ घरातच आहे काय? ही उत्तरे न देणारा विक्रेता परदेशी असो वा देशी, त्याची वस्तू घरात येऊ देऊ नये. सर्व्हर भारतात असणे हिताचे आहेच. परंतु लूट स्वदेशी झाली म्हणून ती सेवा ठरत नाही.

पुणे, नाशिक, नागपूर येथील सहस्रावधी तरुण अभियंते याच क्षेत्रात काम करीत आहेत. घरची माहिती घरातल्याच यंत्रात ठेवणारी, जेवढे हवे तेवढेच मोजणारी आणि वेळ झाली की विसरणारी उपकरणे घडविणे तंत्रदृष्ट्या आज शक्य आहे. उणीव आहे ती मागणीची. ग्राहक मागेल तेव्हाच बाजार देईल. म्हणून ही मागणी आपल्या घराघरांतून निघाली पाहिजे, आणि ती निघेपर्यंत नव्या उपकरणाचे खोके उघडण्याची घाई करू नये.