नावापेक्षा पाया पाहा

बारावीचा निकाल लागला की नाशिक रोडच्या मध्यमवर्गीय घरांत प्रवेशाच्या चर्चेला ऊत येतो. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाच्या वाटा बहुतेक पालकांना पाठ असतात. वास्तुकलेची वाट मात्र ऐकीव माहितीवर चालली जाते. पाच वर्षांचा काळ आणि घरातील मोठी पुंजी ज्या निर्णयात गुंतते, तो सांगोवांगीवर सोपविणे परवडणारे नाही.

पहिला प्रश्न कायद्याचा. १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावण्यासाठी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी हवी आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी हवी. हा कायदा बिरुदाला संरक्षण देतो, आराखडे करण्याची मक्तेदारी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. अंतर्गत सजावटीची पदवी उपयुक्त असेलही. पण तिने हे बिरुद मिळत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी परिषदेची त्या वर्षाची मान्यता स्वतः तपासावी. ‘नाटा’ परीक्षेची तयारी त्यानंतरची.

दुसरा प्रश्न गावाचा. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयाची पुण्याई मोठीच. कानपूर आयआयटीचे शिल्पकार अच्युत कानविंदे आणि २०१८चे प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे बाळकृष्ण दोशी तेथेच शिकले. पण नावाची पुण्याई विद्यार्थ्याच्या हातात आपोआप उतरत नाही. नाशिकमध्येही मराठा विद्या प्रसारक समाज आणि विद्यावर्धन यांची वास्तुकला महाविद्यालये आहेत. कर्ज काढून मुलाला परगावी धाडण्याआधी घरापासून बसच्या अंतरावर काय आहे, हे पाहण्यात कमीपणा कसला?

पाहायचे ते एवढेच : शिक्षक स्वतः व्यवसाय करतात काय, स्टुडिओत विद्यार्थ्याच्या रेखाटनावर कोणी वेळ देते काय, आणि मुलांना टेप घेऊन प्रत्यक्ष वास्तूपाशी नेले जाते काय. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर, पांडवलेणी, गोदाकाठचे जुने वाडे ही आपल्या दारातील पाठ्यपुस्तके आहेत. ऊन, पाऊस आणि सिंहस्थातील लाखोंची गर्दी यांचा विचार येथील घाटांवर शिकता येतो. चकचकीत माहितीपुस्तिकेत नव्हे.

वाड्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत असताना या मातीची जाण असलेले वास्तुविशारद शहराला हवे आहेत. ते घडविण्याची सुरुवात पालकांच्या डोळस निवडीपासून होते.